सत्तावीस गाड्या माती

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी,
प्राचीन पशुपालन स्थळ जतन कक्ष,
जिल्हा नंदुरबार.

अर्जदार : श्रीमती प्रिस्किला दानियल मावची, वय ५२ वर्षे, धंदा शेती व मजुरी, रा. नवी सागझिरी, ता. नवापूर, जि. नंदुरबार.

विषय : आमच्या गोठणीतील माती तीन हजार वर्षांची असली तरी ती या जागेची नसल्याने, घर व गोठण खाली करण्याची नोटीस रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाची नोटीस, दि. २६ मे २०२५ (दारावर डकवलेली, सोलताना खालचा कोपरा फाटला, त्यात काही मजकूर असल्यास कळवावे).
२) माती परीक्षण अहवाल, पाने १ ते ६४.
३) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. पहिला परत आला. बाकी दोघांना जावक क्रमांक नाही, कारण उत्तरच नाही.

महोदय,

१. मी वरील ठिकाणची कायम रहिवासी असून माझे शिक्षण शाळेत चौथीपर्यंत झाले आहे. पुढचे मी दुकानातून येणाऱ्या पुड्यांचे कागद, मुलींची जुनी पुस्तके आणि चर्चच्या कपाटातला शब्दकोश यांवर केले. आमच्या घरात मावची बोलतात, मराठी ही शाळेची आणि आपली भाषा, तरी चूकभूल आढळल्यास अर्ज परत न करता पदरात घ्यावी. माझा पहिला अर्ज विषयाची ओळ नाही म्हणून परत आला होता. या वेळी विषय आधी लिहिला व अर्ज मागाहून.

२. माझे पती दानियल नऊ वर्षांपूर्वी मयत झाले. मुली लग्न होऊन गुजरात बाजूला गेल्या. घरात मी व माझ्या सासूबाई गंगीबाई, वय अंदाजे ७८, अशा दोघी. जनावरे म्हणाल तर दोन गायी, एक वासरी, पाच शेळ्या. (आता एक गाय कमी. त्याबद्दल पुढे.) घराला लागून मागे गोठण आहे. गोठण म्हणजे कुडाने वेढलेली, ढोरे बांधायची जागा. लांबी बारा हात, रुंदी अकरा हात. साऱ्या भांडणाचे मूळ एवढेच आहे.

३. तीन वर्षांपूर्वी विद्यापीठातून चारुलता मॅडम आल्या. पूर्वीच्या काळी कुठे कोणती जनावरे पाळत हे त्या मातीवरून ओळखतात. हाडे नकोत, खापर नको, नुसती माती पुरते. त्यांनी सांगितलेले मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहे ते असे : गाय गवत खाते. गवतात थोडी चरबी असते. गायीच्या पोटातले जंतू त्या चरबीचे रूप पालटतात. ते पालटलेले रूप शेणातून मातीत उतरते आणि मातीच्या कणाला असे धरून बसते की हजारो पावसाळे झाले तरी धुऊन जात नाही. गायीचे वेगळे, डुकराचे वेगळे, माणसाचे वेगळे. पित्ताचाही असाच अंश राहतो, त्यावरून जनावर आणखी पक्के होते. आणि त्याच थरातल्या कोळशाच्या कणांवरून वर्षे काढतात. मॅडम पोकळ नळी ठोकून माती काढत होत्या व दर वितीची माती वेगळ्या पिशवीत घालून तिच्यावर नंबर टाकत होत्या. सासूबाई बाजूला बसून सुपारी कातरत होत्या. त्या म्हणाल्या, "पोरी, हे शेण कोणाचं हे सांगायला तुला किती वर्षं शिकावं लागलं?" मॅडम म्हणाल्या, "एकवीस, आजी." सासूबाई म्हणाल्या, "मला विचारायचं होतंस. संध्याकाळच्या बसने परत गेली असतीस."

४. अहवाल आला. आमच्या गोठणीत सुमारे तीन हजार शंभर वर्षांपूर्वीच्या गायी व शेळ्यांचे अंश मिळाले. जिल्ह्यात इतके जुने प्रथमच मिळाले असे त्यात आहे. आम्हालाही बरे वाटले, ते मी लपवत नाही. बघायला विसरवाडीपासून माणसे आली. चहाचे दूध आमच्याच गायींनी पुरवले. मी सासूबाईंना वर्षांचा आकडा समजावून सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "मग? मी काय वेगळं सांगत होते?" येथपर्यंत कोणाचे काही बिघडले नव्हते.

५. त्यानंतर आपला कक्ष स्थापन झाला व आपल्या कार्यालयातील नवनीत भाऊसाहेब जबाब घ्यायला आले. भाऊसाहेब वाईट मनुष्य नाहीत, हे मी मुद्दाम लिहिते. त्यांनी सासूबाईंना विचारले की ही माती कधीपासूनची. सासूबाई म्हणाल्या, माझ्या सासूच्या सासूच्या आधीपासूनची, आमच्यात कोणालाच तिची सुरुवात माहीत नाही. ते खरे आहे. भाऊसाहेबांनी लिहिले : "सदर ठिकाणी अनादि काळापासून गोठण अस्तित्वात असल्याचे जबाब देणार यांनी सांगितले." मराठीतला तो कागद सासूबाईंना वाचता येत नाही. मी त्या दिवशी नवापूरला कोंबड्यांच्या फार्मवर कामाला होते. सासूबाईंनी अंगठा दिला. त्यांना माती विचारली, त्यांनी मातीचे सांगितले. जागेचे त्यांना कोणी विचारले नाही आणि विचारल्याशिवाय साहेबलोकांना शिकवू नये असे त्यांचे वळण.

६. मग तार आली. गोठणीभोवती काटेरी तार, लोखंडी फाटक, कुलूप, आणि पहाऱ्याला शेजारच्या पाड्यावरचा दिलवरसिंग. तो मला काकी म्हणतो. फाटकावर पाटी लागली, तिच्यावरच्या दोन ओळी जशाच्या तशा देते : "येथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी पशुपालन होत असे. जनावरे आत नेण्यास सक्त मनाई आहे." आमच्या दोन्ही गायी पाटीपुढे उभ्या राहून फाटक उघडायची वाट बघत असत. त्यांना वाचता येत नाही, आणि मला येत असून उपयोग नव्हता. मी कारण विचारले तेव्हा लेखी मिळाले की "विद्यमान जनावरांच्या मलमूत्रामुळे प्राचीन मलमूत्राचे प्रदूषण होत आहे." महोदय, हे वाक्य मी सासूबाईंना मावचीत सांगायचा तीन वेळा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "प्रिस्किला, तुला बरं नाही का?"

७. गायी मोहाच्या झाडाखाली उघड्यावर बांधाव्या लागल्या. मेच्या पहिल्या आठवड्यात वादळी पाऊस व गारा झाल्या, तीन दिवस. काबरी नावाची गाय गाभण होती. तिच्या छातीत पाणी झाले. मी दिलवरसिंगला म्हटले की एवढ्या पावसापुरते फाटक उघड. तो म्हणाला, "काकी, किल्ली माझ्याकडे नाही, साहेबांकडे आहे. आणि असती तरी माझी रोजी गेली असती." त्याने स्वतःच्या अंगावरचे पोते काढून गायीवर टाकले आणि तो भिजत उभा राहिला. दि. १२ मे रोजी काबरी मेली. पोटातले वासरूही. दुसऱ्या दिवशी आपल्या कक्षाचा फोन आला, मला वाटले हळहळ व्यक्त करायला आला. फोनवर असे सांगण्यात आले की मृत जनावर स्थळापासून दोनशे मीटरच्या आत पुरू नये, नाहीतर त्याचे अंश मातीत उतरतील. आम्ही बायकांनी दोर लावून तिला दोनशे मीटर ओढले. मोजायला टेप नव्हता म्हणून थोडे जास्तच ओढले.

८. दि. २६ मेच्या नोटिशीने आता घरही मागितले आहे. गोठणीभोवतीची दीड एकर जागा संरक्षित धरली असून घर तिच्यात येते, ३० जूनपूर्वी खाली करावे, असे त्यात आहे. पर्यायी जागेबद्दल काही नाही (किंवा फाटलेल्या कोपऱ्यात असेल). नोटिशीत असेही आहे की, "अहवालात मानवी विष्ठेचे अंश नगण्य आढळल्याने सदर ठिकाणी मनुष्यवस्तीचा पुरावा दिसून येत नाही." याबाबत नम्रपणे खुलासा करते की आमच्यात माणसे गोठणीत बसत नाहीत. ओढ्याच्या बाजूला जातात, आता संडास आहे. ही गोष्ट सरकारदरबारी लेखी द्यावी लागेल असे आयुष्यात वाटले नव्हते, पण दिली.

९. आता मुख्य म्हणणे. आमचे मूळ गाव जुनी सागझिरी. ते धरणाच्या पाण्यात गेले. १९७१ च्या उन्हाळ्यात सर्वांना उठवले आणि या माळाकडे बोट करून सांगितले की इथे राहा, कागद मागाहून येईल. चौपन्न वर्षे झाली, कागद वाटेत असेल. सामान न्यायला ट्रक दिला होता. लोकांनी त्यात दारे, वासे, कौले, जाती भरली. सासूबाई तेव्हा चोवीस वर्षांच्या. त्यांच्या सासू मोतीबाई यांनी ट्रक दुसऱ्यांना दिला आणि आपल्या व दिराच्या बैलगाड्या गोठणीला लावल्या. आमच्यात रीत अशी आहे की गोठण हलवायची तर जुन्या गोठणीची माती नव्या जागी अंथरायची. त्याशिवाय ढोरे बसत नाहीत, रात्रभर उभी राहतात, दूध चोरतात. एरवी दोन-चार पाट्या माती नेली तरी रीत पुरी होते. पण मोतीबाईंनी विचारले की पाणी आल्यावर उरलेली कुठून आणणार? आणि जोवर काळी लागते तोवर खणा असे सांगितले. कमरेच्या थोडे खालपर्यंत काळी लागत गेली. सत्तावीस गाड्या झाल्या. लोक वाटेत हसत होते. एक जण म्हणाला, "मोती, गाव बुडतंय आणि तू शेण वाचवतेस?" मोतीबाई म्हणाल्या, "तुझी दारं ने तू. ढोरं दाराला कुठे ओळखतात?"

१०. हे मी ऐकीव लिहिते, असे आपण म्हणाल. मी लग्न होऊन १९९२ ला आले, त्या गाड्या पाहिल्या नाहीत. म्हणून मी अहवाल काढून बसले. चौसष्ट पानांपैकी मला समजलेली बहुधा वीस असतील. पान ४१ वर तक्ता आहे. त्यात वरच्या वितीची माती तीन हजार शंभर वर्षांची, मधल्या वितीची दीड हजार वर्षांची, आणि खालच्या वितीची अवघी दोनशे वर्षांची दाखवली आहे. तिच्याखाली मुरूम, त्यात कोणत्याही जनावराचा अंश नाही. मी दोन दिवस तो तक्ता बघत होते. खड्ड्यात जुने खाली असते व नवे वर येते, हे शेणाच्या उकिरड्यावर वाढलेल्या कोणालाही कळते. इथे उलटे. अहवालात त्याचे कारण पावसाने झालेली उलथापालथ असे दिले आहे. पाऊस असा हिशेबाने वीत वीत उलटत नाही. मी सासूबाईंना विचारले, "आई, माती कशी भरली होती?" त्या म्हणाल्या, "कशी म्हणजे? वरून खणत जायचं, तसं भरत जायचं, इथे आणून पसरत जायचं." म्हणजे जी माती तिथे वर होती ती इथे आधी पडून खाली गेली, आणि जी तिथे सर्वांत खोल, सर्वांत जुनी होती, ती शेवटच्या गाड्यांत येऊन वर बसली. साहेब, तक्ता चुकलेला नाही. तो सत्तावीस गाड्यांचा हिशेब सासूबाईंच्या आधीच सांगून बसला आहे.

११. मी चारुलता मॅडमना फोन केला. त्यांनी फोन न ठेवता पान ४१ काढले. मग म्हणाल्या, "ताई, हे आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटले, "मॅडम, तुम्ही विचारलं ढोरं कोणती. माती कुठली ते नाही विचारलं." त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे." एवढ्या शिकलेल्या माणसाने मला हे वाक्य प्रथमच म्हटले. त्यांनी पत्र दिले आहे (सोबत जोडले आहे) की थरांचा उलटा क्रम माती वाहून आणल्यामुळे असू शकतो. त्या प्रामाणिक आहेत म्हणून "असू शकतो" असे लिहिले. आपल्या कार्यालयात ते पत्र वाचून मला सांगण्यात आले की "असू शकतो" यावर नोटीस मागे घेता येत नाही. खोटे बोलणाऱ्याने "आहे" असे लिहून दिले असते, तर मी आज कामावर असते.

१२. मला असेही सांगण्यात आले की खात्री करायची तर जुन्या गोठणीच्या जागेची माती आणून जुळवून दाखवावी. जुनी गोठण पाण्याखाली आहे. पाणी खूप उतरते त्या वर्षी देवळीचा दगड तेवढा दिसतो. पाण्यात उतरायची परवानगी धरणाच्या कचेरीतून घ्यावी असे सांगितले. तिथे गेले तर म्हणाले, बुडालेल्या गावात गोठण होती याचा दाखला आणा. तो दाखला बुडालेल्या गावाच्या पाटलाने द्यायचा. ते पाटील मयत आहेत आणि त्यांची कबरही पाण्यात आहे.

१३. मला एक भीती वाटते ती आताच लिहून ठेवते. उद्या आपण मान्य केले की माती बाहेरून आणली आहे, तर कोणी म्हणेल की मग ही माणसेही बाहेरून आली आहेत, यांच्याकडे जागेचा कागद कुठे आहे. म्हणजे आज फार जुने म्हणून उठवायचे आणि उद्या फार नवे म्हणून. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आमची चौपन्न वर्षे आहेत. त्यांच्यात माझे लग्न झाले, दोन मुली झाल्या, नवरा गेला. तेवढ्या वर्षांचा अंश मातीत सापडतो का, हे मी मॅडमना विचारले होते. त्या म्हणाल्या, इतके अलीकडचे आम्ही वरचा कचरा म्हणून काढून टाकतो.

१४. राहिला अंगठ्याचा प्रश्न. जबाब दुरुस्त करायचा तर ज्याने दिला त्याने समक्ष यावे, असा नियम सांगण्यात आला. नवनीत भाऊसाहेब हळू आवाजात आपल्या अहिराणीत मला म्हणाले, "मावशी, मी काय करू? साहेब सांगस ते मी लिखस. जेना अंगठा शे, तेनीच येवाले जोयजे." म्हणून दि. ३ जून रोजी मी सासूबाईंना घेऊन विसरवाडीहून एसटीने नंदुरबारला आले. आपण दौऱ्यावर होतात. दि. १० जून रोजी पुन्हा आणले. आपण होतात, पण लाईट नसल्याने फाइल उघडत नव्हती. सासूबाई बाकावर साडेपाचपर्यंत बसल्या. त्यांनी अंगठा पदरात गुंडाळून ठेवला होता, मळू नये म्हणून. पुढील तारीख २४ जून मिळाली. त्यांच्या पायांना सूज आहे, बसमध्ये त्यांना दम लागतो.

तरी विनंती की :
(अ) गंगीबाई यांचा दुरुस्त जबाब घरी येऊन नोंदवून घ्यावा. मुरमाची कच्ची वाट आहे, पण जीप येते. तार घालायला आली होती.
(ब) तोवर घर खाली करण्याची नोटीस थांबवावी.
(क) उरलेली गाय, वासरी व शेळ्या पावसाळ्यापुरत्या गोठणीत बांधू द्याव्यात.
(ड) हे काहीच शक्य नसेल तर जागा आपली समजून ठेवावी व माती आमची आम्हाला परत द्यावी. ती नेण्याची आम्हाला सवय आहे. पुन्हा तशीच वरून भरत नेली तर दुसऱ्यांदा उलटून सरळ होईल, आणि पुढे जे कोणी अधिकारी आम्हाला तिथून उठवायला येतील त्यांना वाचायला सोपी जाईल.

येथपर्यंतचा अर्ज मी दि. १२ जून रोजी लिहून पूर्ण केला होता व सोमवारी टपालात टाकणार होते. पुढील मजकूर दि. १५ जून, रविवार रोजीचा आहे. कागद तोच ठेवला, कारण वरचे काही खोटे झालेले नाही.

१५. कळविण्यास दुःख होते की जबाब देणार गंगीबाई दि. १४ जून रोजी सकाळी नऊच्या सुमारास मयत झाल्या. त्या तारेजवळ पाटावर बसल्या होत्या. दिलवरसिंगने मला हाक मारली, "काकी, आजी बोलत नाही." सबब विनंती (अ) रद्द समजावी. दि. २४ जूनच्या सुनावणीस त्या हजर राहू शकत नाहीत. त्यांचा पहिला जबाब आता कायम राहील, कारण नियमाप्रमाणे तो बदलू शकणारे मनुष्य उरले नाही. गाड्या भरलेल्यांपैकी त्यांच्याशिवाय कोणी उरले नव्हते.

१६. दफन त्याच दिवशी तीन वाजता झाले. आमच्यात पेटी खाली उतरवल्यावर घरचे माणूस पहिली मूठ माती टाकते. सासूबाईंनी मला लग्नाच्या वर्षीच सांगून ठेवले होते की माझी मूठ गोठणीची असू दे, मोतीबाईंची मीच टाकली होती. मी नवनीत भाऊसाहेबांना फोन करून एका मुठीची परवानगी मागितली. त्यांनी चौकशी केली. त्यांनी खरोखर चौकशी केली, मला पलीकडचे बोलणे ऐकू येत होते. मग ते म्हणाले की सुट्टीचा दिवस आहे आणि नमुना बाहेर नेण्याचा अर्ज विहित नमुन्यात लागतो. फोन ठेवण्याआधी म्हणाले, "मावशी, माफ करज्या."

१७. त्यानंतर मी तारेखालून हात घालून एक मूठ माती घेतली. दिलवरसिंगचा यात दोष नाही. मी त्याला झऱ्यावर पाणी प्यायला पाठवले होते आणि तहान नसताना तो गेला. हातावर तारेने ओरखडा आला असून तो सुनावणीस दाखवीन. जो गुन्हा लागत असेल तो माझ्यावर दि. २४ रोजीच नोंदवून घ्यावा, म्हणजे मला दोनदा यावे लागणार नाही.

१८. मात्र त्या मुठीची नोंद आपल्या रजिस्टरात अवश्य घ्यावी ही माझी कळकळीची विनंती आहे. ती अशी : वजन एक मूठ, बाईमाणसाची. मूळ ठिकाण जुनी सागझिरी, पाण्याखाली. मधले ठिकाण तारेच्या आत. सध्याचे ठिकाण ख्रिस्ती दफनभूमी, नवी सागझिरी, पूर्वेकडून चौथी कबर. चारुलता मॅडम सांगतात की हे अंश मातीतून जात नाहीत. तेव्हा पुढे कधी कोणी तिथली माती तपासली आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या गायी सापडल्या, तर त्या जागी तार घालू नये, पाटी लावू नये, आणि तिथल्या माणसांना उठवू नये. ती माती तिथे आणलेली आहे. मी आणली. हा जबाब मी जिवंत असताना, शुद्धीवर, कोणी न विचारता देत आहे आणि वाचून सही करत आहे.

आपली नम्र,
(सही)
प्रिस्किला दानियल मावची
नवी सागझिरी, दि. १५ जून २०२५

सोबत :
१) नोटिशीची प्रत, एक कोपरा कमी.
२) अहवालाचे पान ४१, तक्त्याखाली पेन्सिलीने रेघ माझी.
३) चारुलता मॅडम यांचे पत्र.
४) काबरी गायीचा पशुवैद्यकीय दाखला, कारण : उघड्यावर भिजल्याने.
५) गंगीबाई यांच्या दफनाचा पाळकसाहेबांचा दाखला. मृत्यूचा सरकारी दाखला मिळताच सादर करीन.